उंच पट्टीचा बाजा आणि पंचवीस मिलिमीटरचा माऊथपीस: मार्चिंग ऑडिशनच्या तयारीचं एक प्रकरण

सांगलीच्या विश्रामबाग भागातली एक मुलगी. शाळेच्या ब्रास बँडमध्ये तीन वर्षं युफोनियम (मांडीवर धरायचा, गोल आवाजाचा मोठा पितळी बाजा) वाजवलेली. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपली आणि शाळेचा बाजा शाळेत जमा झाला. जूनच्या अखेरीस पुण्यातल्या एका संस्थेच्या मार्चिंग बँडची ऑडिशन होती. हाताशी दहा आठवडे, घरात युफोनियम नाही, आणि वडिलांनी ठरवलेला आकडा वीस हजारांचा. एवढ्या पैशात सरावासाठी कोणतं वाद्य घ्यायचं, हा प्रश्न.

संस्थेनं पाठवलेला कागद नीट वाचला तर निम्मं उत्तर त्यातच होतं. संगीताच्या फेरीत चार मेजर स्केल, दीड सप्तकाचं क्रोमॅटिक स्केल (एकही अर्धस्वर न गाळता), आधी दिलेली सोळा मापांची (बारची) एट्यूड, म्हणजे सरावाची रचना, आणि समोर ठेवलेली आठ मापं बघून वाजवणं. या फेरीला वाद्य स्वतःचं चालेल. दुसरी फेरी मैदानावर, मिनिटाला १२० पावलांच्या लयीत चालत वाजवण्याची. त्यासाठी वाद्य संस्था देणार, मात्र माऊथपीस, म्हणजे ओठ टेकवून फुंकायचा वाटीसारखा तुकडा, आपला आणायचा. पुष्कळ मुलं हे शेवटचं वाक्य वाचून सोडून देतात. आमच्या मते पूर्ण कागदात सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच होतं.

आधी रांग, मग वाद्य

मार्चिंग बँडमध्ये पितळी वाद्यांच्या साधारण चार रांगा असतात: ट्रंपेट, मेलोफोन, बॅरिटोन किंवा युफोनियम, आणि ट्यूबा किंवा सुसाफोन. चारही वाद्यांचा कर्णा पुढे तोंड करून असतो, म्हणजे आवाज प्रेक्षकांकडे जातो. शाळेतल्या उभ्या युफोनियमचा कर्णा आभाळाकडे असतो, म्हणून ते वाद्य वेगळंच काहीतरी आहे असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात मार्चिंग बॅरिटोन आणि उभा युफोनियम या दोघांच्या नळीची लांबी एकच, सुमारे पावणेतीन मीटर. दोन्ही बी-फ्लॅटचे, म्हणजे एकही व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायची कळ) न दाबता निघणारा मूळ स्वर बी-फ्लॅट. बॅरिटोनची नळी थोडी अरुंद, त्यामुळे आवाज जरा धारदार. युफोनियमची झपाट्यानं रुंदावत जाणारी, म्हणून आवाज गोल. बोटं तीच, स्वर तेच.

वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं की मेलोफोनच्या रांगेला माणसं कमी पडतात, तिथं नंबर लागणं सोपं. माहिती चुकीची नसेलही. पण मेलोफोन एफ मधला असतो आणि त्याच्या माऊथपीसची कड ट्रंपेटच्या मापाच्या जवळची. ट्रंपेटचा नेहमीचा सात-सी माऊथपीस आतून १६.२ मिलिमीटरचा, युफोनियम-बॅरिटोनचे माऊथपीस साधारण साडेचोवीस ते सव्वीसपर्यंत. तीन वर्षं पंचवीसच्या वर्तुळात थरथरायला शिकलेले ओठ दहा आठवड्यांत सोळाच्या वर्तुळात बसवायचे म्हणजे निम्मा वेळ नुसता आवाज काढण्यातच जातो. वर्षभर हातात असतं तर या पर्यायाचा जरूर विचार करायला सांगितलं असतं. इथं नाही. रांग बॅरिटोनचीच ठरली.

सरावाचं वाद्य निवडताना आम्ही चार गोष्टी पाहतो आणि त्यांचा क्रम बदलत नाही. पहिली, माऊथपीसच्या वाटीचं माप, दुसरी, नळीची लांबी, म्हणजेच पट्टी, तिसरी, व्हॉल्व्ह, चौथी, वजन आणि पकड. पहिल्या दोन एकाच वाद्यातून मिळाल्या पाहिजेत, कारण ओठ आणि कान एकत्रच शिकतात. तिसरी आणि चौथी इतर कुठून तरी उसनी आणता येते. दुकानात मात्र बहुतेक लोक उलट्या टोकानं सुरुवात करतात: दिसायला मार्चिंगचं वाद्य हवं, मग बाकीचं बघू.

समोर आलेले पर्याय

मामाचा एक ट्रंपेट घरात पडून होता, फुकट. बोटं युफोनियमसारखीच, कारण दोन्ही तीन व्हॉल्व्हचे आणि बी-फ्लॅटचे. पण नळी जेमतेम दीड मीटरची आणि वाटी सोळाची. ओठांच्या सरावाला तो बाद. पुढे त्याचा दुसराच उपयोग झाला.

इंटरनेटवर अमेरिकेतला एक 'मार्चिंग बॅरिटोन' स्वस्तात दिसत होता. फोटोत कर्णा पुढे, चमक बरी. नीट पाहिलं तर व्हॉल्व्ह दोनच. अमेरिकेतल्या ड्रम कोअर (पितळी वाद्यं आणि ढोलांचे मैदानी ताफे) स्पर्धांत पितळी वाद्यं 'जी' या पट्टीतच असावीत असा नियम २००० पर्यंत होता. नियम सुटल्यावर हे जुने जी-बगल विक्रीला आले. ते बी-फ्लॅटपेक्षा तीन अर्धस्वर खाली बोलतात. संग्रहाला छान, सरावाला निरुपयोगी, आणि कस्टम व कुरिअर मिळून स्वस्ताईही उरत नाही.

मेरठच्या जली कोठीतून नवा तीन व्हॉल्व्हचा युफोनियम मागवता आला असता. देशभरातल्या बँडचे बाजे त्या भागातच बनतात आणि किंमत आटोक्यात असते. अडचण दर्जाच्या चढउताराची. एकाच दुकानातले दोन नग शेजारी ठेवले तर एकाचे पिस्टन (व्हॉल्व्हमधले वरखाली होणारे दट्टे) लोण्यासारखे चालतात, दुसऱ्याचे घासतात. हातात घेऊन वाजवल्याशिवाय मेरठचा बाजा घेऊ नये. तिथं जाऊन निवडणारं कुणी असेल तर हा पर्याय उत्तम ठरतो. इथं तसं कुणी नव्हतं.

कोल्हापुरात एक जुना टेनर ट्रॉम्बोन मिळत होता. वाद्य म्हणून सगळ्यांत चांगला तोच. नळीची लांबी तीच, माऊथपीस थेट बॅरिटोनचाच, आणि स्लाइडमुळे (पुढेमागे सरकणारी नळी) कानाला अशी शिस्त लागते की तीन महिन्यांनी सूर आपोआप सुधारलेला दिसतो. पण ऑडिशनमध्ये क्रोमॅटिक स्केल व्हॉल्व्हवर पळवायचं होतं. ट्रॉम्बोनवर सात जागांचा हिशेब शिकायला लागणारा वेळ त्यातूनच कापावा लागला असता. नाइलाजानं सोडला.

उरला मिरजेच्या एका लग्नाच्या बँडकडचा उभा युफोनियम. जुना, तीन व्हॉल्व्हचा, मालक आठ हजार सांगत होता.

मिरजेचा बाजा

तपासणी करताना आधी फुंकायचं नाही. आधी पाहायचं आणि ऐकायचं. प्रत्येक व्हॉल्व्हची स्लाइड तो व्हॉल्व्ह न दाबता हळू बाहेर ओढायची, तीनेक सेकंद थांबायचं आणि मग व्हॉल्व्ह दाबायचा. स्लाइड आणि पिस्टन हवाबंद असतील तर 'टॉक्' असा स्पष्ट आवाज येतो. पहिला आणि तिसरा बोलला. दुसरा नुसताच फुस्स. लगेच पिस्टन झिजला म्हणून भाव पाडायची घाई करू नये. स्लाइडच्या दोन्ही पायांना जाड ग्रीस लावून पुन्हा पाहिलं, तेव्हा टॉक् आला. म्हणजे गळती पिस्टनमधून नव्हती, सैल झालेल्या स्लाइडमधून होती. पिस्टन झिजला असता तर नवं कोटिंग करून घासून बसवण्याचं काम निघालं असतं आणि ते इथं होत नाही. स्लाइडची गळती ग्रीसनं भागते.

पुढच्या नळीवर, जिथं माऊथपीस बसतो तिथं, गुलाबी डाग शोधायचे. पितळेतलं जस्त निघून जाऊन तांबं उरलं की असे डाग पडतात; मध्ये काळा ठिपका असेल तर नळी आतून सडत आली समजायचं. इथं तसं काही नव्हतं. आतला भाग मात्र चांगलाच कळकला होता. बाहेर पोचे बरेच. त्यांतला एकच विचारात घेण्यासारखा, मुख्य नळीच्या पहिल्या वळणावरचा. कर्ण्यावरचे पोचे दिसायला वाईट, सुराला फारसा धक्का नाही. माऊथपीसच्या बाजूला, जिथं नळी अरुंद असते, तिथं छोटा पोचाही एखाद-दुसरा स्वर डळमळीत करतो.

मग ट्यूनर लावून उघडे स्वर, म्हणजे एकही व्हॉल्व्ह न दाबता निघणारे. मुख्य स्लाइड पूर्ण आत. सकाळी साडेसातला ट्यूनरवर खालचा सी ४६ सेंट चढा, जी ४९, वरचा सी ४४, ई ३०, त्यावरचा जी ५०. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. म्हणजे हा बाजा जवळजवळ पाव स्वर वर होता. या वाद्यासाठी लिहिलेला सी प्रत्यक्षात बी-फ्लॅट वाजतो, आणि पेटीच्या भाषेत सांगायचं तर बी-फ्लॅट म्हणजे काळी पाच. हा बोलत होता काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध.

मालकाचं म्हणणं, "अण्णा, वाजतोय की झक्कास! वरातीत कोण सूर मोजत बसतंय?"

खरं म्हणजे बाजा बिघडलेला नव्हताच. आकडे पाहा: ई सोडला तर सगळे सारख्याच प्रमाणात चढे. ई हा पाचवा आंशिक स्वर, म्हणजे एकाच नळीतून नुसत्या ओठांनी निघणाऱ्या स्वरांतला पाचवा. तो निसर्गतःच इतरांपेक्षा चौदा-पंधरा सेंट खाली पडतो, म्हणून तिथं तीस. गळती असती किंवा पोच्याचा दोष असता तर एखादाच स्वर भरकटला असता, आवाज कोंदला असता. सगळं एकसारखं वर असेल तर दोष पट्टीचा. ब्रिटनमधले ब्रास बँड १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मध्य ए साठी ४५२.४ हर्ट्झच्या आसपासची उंच पट्टी धरत. आजची प्रमाण पट्टी ४४० ची. दोन्हींतला फरक ४८ सेंट भरतो. त्या साच्यातले बाजे आपल्याकडच्या बँडमध्ये अजून सापडतात. सगळा ताफा एकाच पट्टीत असला तर कुणाला खटकत नाही. कीबोर्ड आला की गडबड सुरू होते.

घ्यायचा की नाही

इथं मत दोन्ही बाजूंनी देता येतं. चढ्या पट्टीवर तसाच सराव केला असता तर आम्ही साफ नको म्हटलं असतं. दहा आठवड्यांत कान चुकीच्या जागी पक्का होतो. पण पट्टी खाली आणता येत असेल तर? हिशेब सोपा आहे. ४८ सेंट उतरवायला नळी २.८ टक्के लांब व्हायला हवी. पावणेतीन मीटरचे २.८ टक्के म्हणजे साधारण ७७ मिलिमीटर. स्लाइडला दोन पाय असतात, म्हणून ओढायची त्याच्या निम्मी, ३८ ते ३९ मिलिमीटर. ठोकताळा लक्षात ठेवायचा तर या लांबीच्या वाद्यात मुख्य स्लाइड एक सेंटिमीटर ओढली की बारा सेंट उतरतात. ट्रंपेटवर तेवढ्याच ओढीनं जवळजवळ दुप्पट उतरतात, कारण नळी निम्मी.

या बाजाच्या मुख्य स्लाइडचे पाय पासष्ट मिलिमीटरचे होते. एकोणचाळीस ओढली तरी सव्वीस मिलिमीटर आत राहत होते. पुरेसे. चाळीस मिलिमीटरचे पाय असते तर व्यवहार तिथंच संपला असता; बाजा विकत घ्यायच्या आधी स्लाइड पूर्ण काढून पट्टीनं पाय मोजावेत ते यासाठीच.

नुसती मुख्य स्लाइड ओढून भागत नाही. व्हॉल्व्हच्या नळ्याही त्याच प्रमाणात लांबवाव्या लागतात, नाहीतर उघडे स्वर बरोबर आणि दाबलेले चढे असा विचित्र प्रकार होतो. पहिली स्लाइड पाच मिलिमीटर, दुसरी दोन-अडीच, तिसरी सात. स्लाइड सरकून परत आत जाऊ नये म्हणून मुख्य स्लाइडच्या दोन्ही पायांवर एकोणचाळीस मिलिमीटर लांबीचे, उभे चिरलेले प्लास्टिक पाइपचे तुकडे चढवले. दिसायला ओंगळ, पण रोज ट्यूनर लावून खुणा शोधायचा ताप गेला.

सौदा साडेसात हजारांवर झाला.

स्वच्छता करताना कोमट पाणी आणि भांड्याचा पातळ साबण, अर्धा तास भिजवणं, लवचिक ब्रश. कढत पाणी नको, लॅकर सुटतं. चिंच-मीठ किंवा पॉलिशची पावडर बाहेरून चालवून घेता येईल, पण पिस्टनला आणि त्याच्या घराला अजिबात लावू नये; तिथलं अंतर इतकं बारीक असतं की चोळून चकाकी आणली की गळती सुरू. पिस्टनला खोबरेल तेल घालायची पद्धत बँडमध्ये सर्रास आहे. सांगलीच्या उन्हाळ्यात ते पातळ राहतं म्हणून चालल्यासारखं वाटतं. डिसेंबरच्या पहाटे पिस्टन अडकतात. व्हॉल्व्हचंच तेल घ्यावं; एक बाटली महिनोन्महिने पुरते.

पाणी काढायच्या चावीचा बूच कडक होऊन गळत होता, तो बदलला. पहिल्या व्हॉल्व्हच्या बटणाखालची फेल्टची चकती चेपली होती, त्यामुळे दाबल्यावर पिस्टन गरजेपेक्षा खाली जात होता. स्लाइड काढून आत बारीक टॉर्च मारली की पिस्टनचं भोक नळीशी जुळतं की चंद्रकोर दिसते ते कळतं. चंद्रकोर दिसत होती. तीन मिलिमीटरची नवी चकती घातल्यावर गेली. वळणावरचा पोचा मात्र तसाच ठेवला. तांबट आळीत तो काढून मिळाला असता, पण भांड्याचा पोचा आणि अरुंद नळीचा पोचा यांत फरक आहे. आत योग्य मापाचा गोळा घालून हळूहळू सरकवत काढावा लागतो. शिवाय कुणी गॅसची बत्ती लावून जोड सोडवायला गेला तर शेजारचे सगळे जोड सुटतात, कारण वाद्याचे जोड मऊ डाखाचे असतात आणि दोनशे अंशांच्या आसपासच वितळतात. एसी-फ्रिजवाल्यांच्या ब्रेझिंगचं तापमान त्याच्या कितीतरी वर.

माऊथपीस

जुन्या बाजाबरोबर मिळालेला माऊथपीस कामाचा नव्हता. कडेवरचा मुलामा उडून पितळ ओठाला लागत होतं आणि कड एका जागी चेपलेली. चांदीचा मुलामा देणारे हुपरीत किंवा सराफ कट्ट्यावर मिळतील, पण चेपलेल्या कडेवर मुलामा देऊन उपयोग नाही.

नवा घेताना वाटीपेक्षा दांडीनं (बाजाच्या नळीत शिरणारा भाग) जास्त डोकं खाल्लं. या वर्गातल्या माऊथपीसच्या दांड्या तीन मापांच्या असतात: लहान, मधली आणि मोठी. लहान दांडीचं टोक सुमारे ११ मिलिमीटर, मोठीचं साडेबाराच्या आसपास. मार्चिंग बॅरिटोन बहुतेक लहान दांडीचे, मार्चिंग युफोनियम बहुतेक मोठ्या दांडीचे. पुण्याला फोन करून विचारलं, तर त्यांचे बॅरिटोन लहान दांडीचे निघाले. मिरजेचा बाजा जुन्या ब्रिटिश साच्यातला, त्याची खोबण मधल्या मापाची.

आता माऊथपीस कोणाच्या मापानं घ्यायचा? ऑडिशनच्या. साडेसहा ए-एल या नावानं मिळणारा, २५.४ मिलिमीटर वाटीचा, लहान दांडीचा घेतला. साडेतीन हजारांच्या घरात. वाटी शाळेतल्या सवयीच्या जवळची, आणि बॅरिटोन-युफोनियम दोन्हींना चालणारी. मिरजेच्या खोबणीत तो खोल जाऊन डुलत होता. कागद गुंडाळणं हा नेहमीचा इलाज. कागद थुंकीनं भिजतो आणि माऊथपीस रोज वेगळ्या खोलीला बसतो, मग पट्टीही रोज वेगळी. प्लंबरची पांढरी टेप दाबली जाते. कुपवाड एमआयडीसीत मशीनच्या दुकानांत पितळेची शिम पट्टी (पातळ पत्रा) मिळते. ०.३ मिलिमीटर जाडीची, पंधरा मिलिमीटर रुंद पट्टी दांडीभोवती बरोबर एक वेढा, कडा एकमेकींवर न चढवता. दांडी निमुळती असल्यानं पट्टी टोकाकडे नाही, मध्यावर बसवायची. माऊथपीस वीसेक मिलिमीटर आत जाऊन घट्ट बसला. पुण्याला जाताना पट्टी काढली की काम झालं.

माऊथपीस काढताना अडकला तर पक्कड लावायची नाही. दांडी पिळली जाते.

बोटं, वजन आणि मैदान

उभा युफोनियम मांडीवर ठेवला की व्हॉल्व्ह शरीराजवळ असतात आणि बोटं वरून पडतात. मार्चिंग बॅरिटोन मोठ्या ट्रंपेटसारखा तोंडासमोर आडवा धरायचा. डावा हात व्हॉल्व्हच्या घरांना कवटाळून सगळं वजन घेतो, उजव्याची बोटं मोकळी. या पकडीत मनगट वेगळ्या कोनात येतं, तिसरं बोट आळशी पडतं. मामाचा ट्रंपेट इथं उपयोगी आला. रोज पंधरा मिनिटं, फुंकर न घालता, मेट्रोनोमवर (लय देणारं यंत्र) स्केलची बोटं. आवाज मिरजेच्या बाजातून, बोटं ट्रंपेटवर.

वजनासाठी ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, साठ सेंटिमीटर लांब, कोरड्या वाळूनं भरून दोन्ही टोकांना टोप्या. तीन किलोच्या आसपास भरतो. मार्चिंग बॅरिटोन अडीच ते तीनचा असतो. पाइपचा मागचा तिसरा भाग हातात आणि बाकीचा पुढे असा धरायचा, कारण खऱ्या वाद्याचा भार कर्ण्याकडे असतो. दोन्ही कोपर बाहेर, पाइपचं टोक डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर. सुरुवात तीस सेकंदांच्या चार फेऱ्यांनी. पुढे पाच मिनिटं सलग. थकल्यावर मुलं कंबर पुढे काढून मागे रेलतात, वजन मणक्यावर घेतात. तिथंच थांबवायचं. तो पवित्रा अंगवळणी पडला की श्वास अर्धा होतो.

पावलाचा प्रश्न वेगळा. एनसीसीची तेज चाल तिला येत होती: पाऊल तीस इंची, टाच ठोकून. मार्चिंग बँडचं पाऊल साडेबावीस इंचांचं, पाच यार्डांत आठ, आणि टाचेवरून पंजावर हळूच घरंगळवायचं. ठोकलं की धक्का जबड्यापर्यंत येतो आणि लांब स्वर हलतो. घराच्या गच्चीवर ५७ सेंटिमीटरवर खडूच्या रेघा मारल्या. आधी नुसतं चालणं, मग चालताना माऊथपीसवर एकच स्वर. पूर्ण बाजा घेऊन चालण्याचा सराव केलाच नाही. उभा युफोनियम घेऊन चालायची सवय मैदानावर काही देत नाही.

दिवसाचा क्रम पहाटे साडेसहाला: पाच मिनिटं नुसता माऊथपीस, दहा मिनिटं लांब स्वर, दहा मिनिटं व्हॉल्व्ह न हलवता ओठांनी स्वर बदलणं, मग स्केल आणि एट्यूड. संध्याकाळी बोटं, पाइप, पाऊल. दुपारी वाजवायचं नाही, एप्रिल-मेच्या सांगलीत त्याची गरजही कुणाला वाटत नाही. हवा तापली की पट्टी चढते. तत्त्वतः एका अंशाला तीन सेंट. श्वासानं नळी गरम झाल्यावर फरक कमी होतो, तरी पहाट आणि संध्याकाळ यांत वीसेक सेंट दिसत होते. स्लाइडवर पेन्सिलीनं दोन खुणा केल्या.

कुठं अडलं

पहिले अडीच आठवडे वरचे स्वर हवेशीर आणि ओठ लवकर दमलेले. नवी वाटी जरा मोठी असली की हे होतंच. त्या काळात माऊथपीस पुन्हा बदलायचा मोह टाळायचा. तिसऱ्या आठवड्यात आवाज बसला.

पाचव्या आठवड्यात शेजारच्यांची तक्रार आली म्हणून कर्ण्यात सरावाचा म्यूट (आवाज दाबणारा बूच) घातला. म्यूटनं पट्टी चढते आणि फुंकरेला उलटा दाब मिळतो. आठवडाभर तसाच सराव झाला आणि म्यूट काढल्यावर स्वर खाली लोंबायला लागले. म्यूट फक्त बोटांच्या सरावाला ठेवला, लांब स्वर नदीकाठी आमराईत.

तिसरी अडचण शेवटपर्यंत सुटली नाही. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबले की दोन्ही नळ्यांची बेरीज थोडी कमी पडते, म्हणून खालचा डी चढा लागतो. तिन्ही दाबले की सी-शार्प आणखी चढा. डी साठी तिसरी स्लाइड दीड सेंटिमीटर, सी-शार्पसाठी चारहून जास्त बाहेर ढकलायची असते. मार्चिंग बॅरिटोनला त्यासाठी डाव्या हाताची कडी असते. मिरजेच्या बाजाला ती नाही, आणि मांडीवरच्या पकडीत डावा हात तिथं पोचतही नाही. ती हे दोन स्वर ओठ सैल सोडून खाली आणत राहिली. सरावाला चाललं, पण सवय चुकीची लागली.

ऑडिशनमध्ये स्केल आणि एट्यूड स्वच्छ झाली. बघून वाजवायचा तुकडा मात्र बास क्लेफमध्ये (खालच्या स्वरांसाठीची स्वरलिपीची पद्धत) आला. आपल्याकडच्या ब्रिटिश वळणाच्या बँडमध्ये युफोनियमला ट्रेबल क्लेफ देतात, अमेरिकी वळणाच्या बँडमध्ये बऱ्याचदा बास. कागदावर याचा उल्लेख नव्हता आणि फोनवर दांडीबरोबर हेही विचारायला हवं होतं. त्या फेरीत गुण गेले. मैदानावर खांदे टिकले. निवड बॅरिटोनच्या तिसऱ्या भागाला झाली, आणि शेऱ्यात लिहिलं होतं: खालचे डी, सी-शार्प चढे, कडी वापरत नाही.

खर्च बाजा, माऊथपीस, तेल-ग्रीस, बूच-फेल्ट, शिम आणि पाइप मिळून बारा हजारांच्या आत राहिला. बाजा विकायचा नाही असं ठरलंय, कारण वायुसेनेच्या अग्निवीरवायू संगीतकार भरतीच्या वाद्यांच्या यादीत बॅरिटोन आणि युफोनियम दोन्ही आहेत. तिसऱ्या स्लाइडला मऊ डाखानं कडी बसवून घ्यायची आहे. ती बसेपर्यंत दोऱ्याचा फास करून डाव्या हाताच्या मधल्या बोटात अडकवलाय, आणि रोज पहिली दहा मिनिटं फक्त सी, सी-शार्प आणि डी.